भिंतीवरचा परमनंट मार्कर कसा काढावा? (भाड्याचं घर, रंग कुठला ते माहीत नाही)

रानजाई | ६ जून, दुपारी २:१०

मंडळी, जरा तातडीने सल्ला हवाय. मुलगा पावणेतीन वर्षांचा. काल डाळींच्या डब्यांवर नावं घालत बसले होते. आईचा फोन आला म्हणून आत गेले आणि पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन बघते तर हॉलच्या भिंतीवर आगगाडी! इंजिन, पाच डबे आणि खाली रूळ. चार फूट तरी लांब असेल, त्याच्या खांद्याच्या उंचीवर. काळा परमनंट मार्कर. इंजिनाचा धूर लाल स्केचपेनने काढलाय.

ओल्या फडक्याला भांड्यांचा साबण लावून पुसलं. धूर गेला, फिकट गुलाबी सावली राहिली. गाडी जागची हलली नाही. मग कुठेतरी वाचलं होतं म्हणून एका चाकाला टूथपेस्ट लावून ब्रशने घासलं. चाक करडं झालं आणि भोवती हाताच्या पंजाएवढा चकचकीत डाग पडला. तिरक्या उजेडात तो गाडीपेक्षा जास्त दिसतो.

घर भाड्याचं, पुण्यात. अकरा महिन्यांचा करार जुलैअखेर संपतोय. आम्ही यायच्या आधी मालकीणबाईंनी पूर्ण घर रंगवून घेतलं होतं, त्यामुळे डिपॉझिटपेक्षाही त्यांना काय वाटेल याची मला जास्त काळजी आहे. आता नेमकं काय करू?

केळफूल | ६ जून, दुपारी २:३५

आधी घासणं थांबवा. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. तिने शाई निघत नाही, रंगाचा वरचा पापुद्रा तेवढा घासला जातो. चकचकीत डाग आलाय तो त्यामुळेच.

गंधाली | ६ जून, दुपारी ३:०५

नेलपॉलिश रिमूव्हर! माझ्याकडे फरशीवरचा मार्कर दोन मिनिटांत गेला होता.

सांगलीकर_पेंटर | ६ जून, दुपारी ३:२०

ताई, रिमूव्हर भिंतीला लावू नका. कृपा करा. फरशी वेगळी, भिंत वेगळी. रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं आणि ते प्लास्टिक पेंटच विरघळवतं. मार्कर जाईल, सोबत भिंतीचा रंगही येईल आणि आतली पांढरी लांबी, म्हणजे पुट्टी, उघडी पडेल. ती दुरुस्ती मार्कर काढण्यापेक्षा महाग पडते.

मी २२ वर्षं रंगकाम करतो. मला फक्त एक सांगा, भिंतीला रंग कुठला आहे? माहीत नसेल तर अशी परीक्षा करा: सोफ्यामागे किंवा कपाटाआड, दिसणार नाही अशा जागी ओल्या बोटाने दहा-बारा वेळा चोळा.

बोटाला खडूसारखी पूड आली तर डिस्टेंपर.
काहीच आलं नाही आणि भिंत मऊ, बिनचमकीची असेल तर साधं इमल्शन, म्हणजे लोक ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतात ते.
काही आलं नाही आणि हलकी रेशमी चमक असेल तर भारीतलं धुता येणारं इमल्शन.
काचेसारखी चमक असेल तर ऑइल पेंट.

हे कळल्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तरी करू नका. दहातले आठ लोक भिंत खराब करतात ती मार्करमुळे नाही, तो काढायच्या नादात.

तिसरा_तास | ६ जून, संध्याकाळी ६:४५

पेंटरदादांनी भिंतीचं सांगितलं, मी शाईचं सांगतो. शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, आणि आमच्या शाळेतही हा प्रश्न दर जूनला येतो.

परमनंट मार्करच्या शाईत मुख्य तीन गोष्टी असतात: रंगद्रव्य, त्याला पृष्ठभागावर चिकटवून ठेवणारी राळ आणि या दोन्हींना पातळ ठेवणारा द्रावक, जो बहुतेक करून अल्कोहोल असतो. आपण लिहितो, अल्कोहोल उडून जातं, राळ आणि रंग भिंतीला धरून बसतात. पाण्यात ही राळ विरघळत नाही. म्हणून तुमचं ओलं फडकं आणि साबण हरले. पुन्हा अल्कोहोल दिलं तर राळ परत पातळ होते आणि रंग सुटतो. म्हणजे सॅनिटायझर किंवा सर्जिकल स्पिरिट. यात जादू काही नाही, ज्याने शाई पातळ ठेवली होती त्यानेच ती परत पातळ करायची.

स्केचपेनची शाई पाण्यातली, म्हणून ती पाण्याने गेली. जी गुलाबी सावली राहिली ती रंगाच्या बारीक छिद्रांत मुरलेली आहे. व्हाइटबोर्ड मार्करच्या शाईतही अल्कोहोल असतं, फक्त त्यात शाई बोर्डाला घट्ट धरू नये म्हणून एक तेलकट पदार्थ घातलेला असतो. तो गुळगुळीत बोर्डावर काम करतो. भिंत सच्छिद्र, तिथे तो मार्करही मुरतो. बोर्डावरच्या परमनंट मार्करवर व्हाइटबोर्ड मार्कर गिरवून पुसायची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असेल. ती भिंतीवर करू नका, डागात डाग वाढेल.

सगळ्यात चिवट जेल पेन. बऱ्याच जेल पेनांत रंगाचे न विरघळणारे कण असतात, त्यांना पाणीही चालत नाही आणि अल्कोहोलही.

रानजाई | ६ जून, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. परीक्षा केली. सोफ्यामागे ओल्या बोटाने चोळलं, पूड आली नाही. चमकही नाही. म्हणजे साधं इमल्शन ना? घरात जेल सॅनिटायझरची अर्धी बाटली आहे, ७० टक्के अल्कोहोल लिहिलंय. चालेल?

सांगलीकर_पेंटर | ६ जून, रात्री १०:१५

चालेल. उलट उभ्या भिंतीला जेल बरं, ओघळत नाही. पण नीट वाचा. अल्कोहोल मार्कर काढतं तसं प्लास्टिक पेंटलाही मऊ करतं. आम्ही जुन्या भिंतीवर ऑइल आहे की प्लास्टिक हे बघायला स्पिरिटचाच बोळा घासतो, बोळ्याला रंग आला तर प्लास्टिक. म्हणजे तुमच्याकडे वेळ थोडा आहे: शाई सुटली पाहिजे आणि भिंतीचा रंग सुटायच्या आत हात उचलला पाहिजे.

कापसाचा बोळा घ्या, त्यावर जेल घ्या. थेट भिंतीवर ओतू नका. रेघेवर ठेवा, मनात पाच मोजा, दाबून सरळ उचला. घासायचं नाही, टिपायचं. प्रत्येक टिपणीला बोळ्याची कोरी बाजू. रेघेच्या कडेकडून मधे या, मधून बाहेर गेलात तर काळं पसरेल. एक वीत झाली की स्वच्छ ओल्या फडक्याने तेवढा भाग पुसा, कारण जेलचा चिकटा राहिला तर पुढे त्यावर धूळ बसते. मग कोरड्या फडक्याने टिपा.

बोळ्यावर भिंतीचा रंग दिसला की थांबा. काळं राहिलं असलं तरी थांबा. उरलेल्याचा उपाय वेगळा आहे, तो सांगतो नंतर.

सुरुवात शेवटच्या डब्यापासून करा, इंजिनापासून नको. हात बसायला थोडा वेळ लागतो.

केळफूल | ६ जून, रात्री १०:२०

खिडक्या उघडा, पंखा लावा, बाळाला दुसऱ्या खोलीत कोणाकडे तरी द्या. आणि देवापुढचा दिवा, उदबत्ती, गॅस सगळं आधी बंद. स्पिरिटची वाफ पेट घेते.

भरतकाम | ७ जून, सकाळी ८:५०

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. तीन वर्षांपूर्वी अशाच डागासाठी मी आधी ब्लीच लावलं, जाईना म्हणून त्यावर संडास धुवायचं ॲसिड टाकलं. एका मिनिटात डोळे चुरचुरायला लागले, घशात आग, श्वास घेता येईना. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो हे मला दवाखान्यात कळलं. दोन दिवस खोकत होते. सुदैवाने मुलगी शाळेत होती. ब्लीचमध्ये व्हिनेगर, संडासचं ॲसिड, अमोनियावाला काचेचा क्लीनर यांतलं काहीही मिसळू नका. भिंतीवर एक लावून झाल्यावर दुसरं लावणं हेसुद्धा मिसळणंच आहे.

निळी_छत्री | ७ जून, सकाळी ९:४०

मी न्यू जर्सीत राहते. इथे सगळे पांढरा मेलामाइनचा स्पंज वापरतात, आता भारतातही ऑनलाइन मिळतो. पाण्याने ओला करून पुसलं की पेन्सिल, क्रेयॉन, बुटांचे काळे ओरखडे झटकन जातात. पण तो मऊ लागत असला तरी काम अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखं करतो. मी बिनचमकीच्या भिंतीवर जोर लावून घासला आणि तुमच्या टूथपेस्टसारखाच चकाकणारा गोल पडला. चमकीच्या भिंतीवर उलटं होतं, तेवढी जागा निस्तेज दिसते. हलक्या हाताने, आणि परमनंट मार्करला शक्यतो नकोच.

रानजाई | ८ जून, सायंकाळी ५:१५

केलं! सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

शेवटच्या डब्यापासून सुरुवात केली. पहिला बोळा उचलला तर त्यावर काळं नव्हतंच, जांभळं होतं आणि कडेला निळसर. घाबरले, वाटलं भिंतीतून काहीतरी निघतंय. दुसऱ्या बोळ्यावर जांभळं कमी. तिसऱ्यावर नुसती राखाडी छटा. एका डब्याला अकरा बोळे लागले. चौथ्या डब्यापर्यंत अंदाज आला की पाच मोजण्यापेक्षा चार मोजलं तर या भिंतीला पुरतं.

रुळांच्या आडव्या रेघा सोप्या गेल्या, एकेरी होत्या. इंजिन त्याने गिरवून गिरवून भरलंय, तिथे सातव्या बोळ्यावर भिंतीचा मोतिया रंग दिसला. दादांनी सांगितल्याप्रमाणे थांबले.

आता लांबून गाडी दिसत नाही. चार फुटांवर उभं राहिलं की डब्यांच्या जागी फिकट जांभळट सावली आणि इंजिनाच्या जागी राखाडी ठसा दिसतो. टूथपेस्टचा चकचकीत डाग आहे तसाच.

तिसरा_तास | ८ जून, संध्याकाळी ७:००

काळ्या शाईत बऱ्याचदा तीन-चार रंग एकत्र केलेले असतात. प्रत्येक रंग अल्कोहोलबरोबर कमीजास्त वेगाने सुटतो, म्हणून आधी जांभळा, मग निळा असं दिसलं. मुलांना मी गाळणकागदावर हाच प्रयोग दाखवतो: काळ्या मार्करचा ठिपका द्यायचा, कागदाचं टोक स्पिरिटमध्ये बुडवायचं, दहा मिनिटांत ठिपक्याचे पट्टे होतात. तुमच्या मुलाला दोन-तीन वर्षांनी नक्की दाखवा.

सांगलीकर_पेंटर | ८ जून, रात्री ९:४५

ताई, हात चांगला बसला तुमचा. आता उरलेल्याचं.

लोकांची इथे चूक होते. सावली फिकट आहे, वरून रंगाचा एक हात मारला की झाकेल, असं वाटतं. झाकत नाही. पाण्यातला रंग ओला असताना खालची शाई ओढून घेतो. वाळल्यावर दोन-तीन दिवसांत सावली परत वर येते. चार हात मारा, चारही वेळा येते. मधे पडदा पाहिजे, आणि तो पाण्यातला नको. दुकानात टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा ऑइल प्रायमर मागा, पांढरा, लहान डबा. सावलीवर आणि इंजिनावर लहान ब्रशने पातळ हात द्या, रात्रभर वाळू द्या. पावसाळी हवा असेल तर दोन रात्री. नंतर अगदी बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा. चकचकीत डागावरही तोच पेपर फिरवा, चमक मरेल.

त्यावर रंग. आणि रंग तुकड्यात नाही. मधे ठिगळ मारलं की शेड तीच असली तरी वेगळं दिसतं, कारण जुन्या रंगावर वर्षभराची धूळ, ऊन, हात लागलेले असतात. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आख्खी एक भिंत मारा. १२ फूट बाय १० फूट भिंत म्हणजे १२० चौरस फूट, दोन हातांना दोन लिटर पुरेल. रोलर भाड्यानेही मिळतो.

त्याआधी एक काम करा. मालकीणबाईंना फोन करा आणि सरळ सांगा. शेड नंबर त्यांच्याकडेच असणार. मी कितीतरी घरांत बघितलंय, भाडेकरू अंदाजाने शेड आणतो, ती जुळत नाही, आणि मग पूर्ण हॉल करावा लागतो.

तिसरा_तास | ८ जून, रात्री १०:०५

दादा, एक शंका. काही ठिकाणी यासाठी लाखेचा प्रायमर सुचवतात. पण लाख स्पिरिटमध्येच विरघळवलेली असते. मग ती मार्करला उलट सोडवणार नाही का?

सांगलीकर_पेंटर | ८ जून, रात्री १०:३०

सर, बरोबर पकडलंत. पहिल्या हाताला थोडी शाई ओढतेच. म्हणून एकाच दिशेने एकदाच ब्रश ओढायचा, मागे फिरायचं नाही. स्पिरिट दहा-पंधरा मिनिटांत उडतं आणि ओढलेला रंग लाखेत अडकतो. दुसऱ्या हाताला काही येत नाही. लाकडाच्या गाठीतून चीक येऊ नये म्हणून सुतार पूर्वीपासून तिथे लाखच मारतात. पण घरच्या घरी करणाऱ्याला ऑइल प्रायमर सोपा.

पिंपळपान | ९ जून, सकाळी ११:२०

आमच्याकडे मार्कर नाही, ऑइल पेस्टल. जांभळा आणि हिरवा. स्वयंपाकघरात जुना हिरवा ऑइल पेंट आहे, वडिलांनी घर घेतलं तेव्हापासूनचा, आणि पुढच्या खोलीत प्लास्टिक. दोन्हीकडे काढलंय.

केळफूल | ९ जून, दुपारी १२:००

पेस्टल आणि मेणखडू यांना अल्कोहोल नको, त्यांत मेण आणि तेल असतं. आधी जाड थर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच काढा. मग केस वाळवायचा ड्रायर वीतभर लांबून फिरवा, मऊ झालं की टिश्यू पेपरने टिपा, दर वेळी कोरा. शेवटी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून मऊ फडक्याने पुसा. प्लास्टिकच्या भिंतीवर तेलकट ओल राहिली तर पांढऱ्या खडूची पूड दाबून लावा, तासाभराने झटका. खडू तेल बऱ्यापैकी ओढतो.

सांगलीकर_पेंटर | ९ जून, दुपारी १:१०

स्वयंपाकघरातला जुना हिरवा ऑइल पेंट पॉलिश पेपरने अजिबात घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त शिसं नको असा नियम २०१६ मध्ये आला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलाच्या तोंडात जाणं वाईट. साबणपाणी आणि फडकं, बस. ऑइल पेंटवरून तेवढ्याने निघतं.

गडगा | १० जून, रात्री ८:३०

धागा शांतपणे वाचला, खूप उपयोग झाला. माझं प्रकरण जरा वेगळं आहे.

गावचं घर चिपळूणजवळ. जांभ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर चुनाच. दरवर्षी गणपतीच्या आधी घराला चुना काढतात, पण माजघराच्या दाराशेजारी हातभर रुंद पट्टा सोडून. त्या पट्ट्यावर आजोबांनी आम्हा सगळ्या भावंडांच्या आणि आत्या-काकांच्या उंचीच्या खुणा पेन्सिलीने केल्या आहेत, प्रत्येकीपुढे नाव आणि महिना. आजोबा आता नाहीत. मे महिन्यात पुतणी आली होती, तिने स्वतःची खूण स्वतःच करायची म्हणून निळ्या व्हाइटबोर्ड मार्करने रेघ ओढली, आणि मग पट्ट्यावरून बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर फुलं काढली. दोन फुलं पेन्सिलीच्या खुणांवर आली आहेत. कोणी तिला रागावलं नाही. पण खुणा वाचवायच्या आहेत. स्पिरिटने पेन्सिल जाईल का?

तिसरा_तास | १० जून, रात्री ९:००

पेन्सिल म्हणजे ग्रॅफाइट, ते अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. पण पेन्सिल ज्या चुन्यावर बसली आहे तो चुना सुटा आहे. बोळा उचलताना चुन्याचे कण येतील आणि त्यांच्याबरोबर पेन्सिलही.

सांगलीकर_पेंटर | १० जून, रात्री ९:४०

सरांनी सांगितलं तेच. शिवाय चुना शाई पितो, स्पिरिट दिलं की निळं आणखी आत उतरेल. त्या पट्ट्याला कशानेही हात लावू नका. फुलं राहू देत. आधी पूर्ण पट्ट्याचा माग काढून घ्या. बटरपेपरची गुंडाळी आणा, वरून खालपर्यंत एक सलग तुकडा, खालची कड जमिनीला टेकवा, कडेला कागदी टेप, आणि मऊ पेन्सिलीने प्रत्येक खूण आणि नाव हलक्या हाताने उतरवा. जोर नको, खालचा चुना दबतो.

बाजूच्या फुलांचं काम सोपं आहे, पण आता नाही. पावसाळ्यात भिंत ओल धरते, खरवडलं तर गिलावा सुटेल. पाऊस गेल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला, रुंद पातं आडवं धरून वरची साय खरवडा. दरवर्षीचे थर आहेत, शाई वरच्या एकदोन थरांत असेल. निळं पूर्ण जाऊन पांढरं दिसेपर्यंत खरवडायचं, अर्धवट ठेवलं तर चुना ओला असताना निळं वर येतं. मग चुना भिजवून गाळून घ्या, पातळ करा, चिमूटभर नीळ, थोडा डिंक. एक हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. पट्ट्याच्या कडेला टेप लावून घ्या.

यंदा गणपतीला तेवढी फुलं तशीच ठेवा म्हणावं.

रानजाई | १४ जून, सकाळी १०:००

मालकीणबाईंशी बोलले. शेड नंबर त्यांच्या डायरीत होता. इतकंच नाही, उरलेला सव्वा लिटर रंग याच घरात माळ्यावर आहे, मला माहीतच नव्हतं. झाकण घट्ट होतं, वर साय आली होती ती काढून रंग कापडातून गाळला. त्या म्हणाल्या, प्रायमर नीट वाळू दे, घाई करू नकोस. प्रायमर काल मारला. सावली तरी पूर्ण झाकली गेली आहे. शेड नंबर आहे, तर एक लिटर आणखी आणते, दोन्ही एका बादलीत एकत्र करून मगच लावते. बरोबर ना दादा?

सांगलीकर_पेंटर | १४ जून, दुपारी १:३०

अगदी बरोबर. वेगवेगळे लावले तर मधे फरक दिसतो. आणि नवीन रंगाला महिनाभर ओलं फडकं लावू नका, तोवर तो पक्का होत नाही.

गडगा | १६ जून, रात्री ९:१५

काल गावी जाऊन बटरपेपरवर सगळं उतरवलं. अडीच तास लागले. एकूण एकतीस खुणा निघाल्या, आम्हाला वीसेक वाटत होत्या. सर्वांत खालची धाकट्या आत्याची, जमिनीपासून बरोबर दोन फूट पाच इंच.

कागद जमिनीला टेकवताना एक गोष्ट लक्षात आली. दाराच्या उंबऱ्याची खालची कड कोब्यात बुडलेली आहे. बाबांना फोन केला. ते म्हणाले, पूर्वी माजघराची जमीन शेणाने सारवायची होती, सिमेंटचा कोबा १९९४च्या उन्हाळ्यात घातला, तेव्हा जमीन दोन इंचांनी वर आली. म्हणजे त्याआधीच्या सगळ्या खुणांत दोन इंच मिळवायचे. कागदावर तिथे तशी टीप घातली आहे, आणि आत्याला कळवलं आहे की ती तेव्हा दोन फूट सात इंच होती.